सेकंड हँड गाडी घेतली आणि खोड निघाली, तर डीलरकडून काम कसं करून घ्यायचं

सेकंड हँड गाडी दारात आली की पहिला आठवडा पेढे, हार आणि लिंबू-मिरचीत जातो, आणि त्याच आठवड्यात खोड निघते. मी रामनवमीच्या मुहूर्तावर सात वर्षं जुनी पेट्रोल गाडी आणली. पाचव्या दिवशी सायनच्या सिग्नलला एसीतून कोमट हवा यायला लागली. गाडी हलली की गार, थांबली की कोमट. मागून आई म्हणाली, "काच खाली कर बाबा, त्यापेक्षा आपली रिक्षा बरी होती."

डीलरला फोन केला. "साहब, सेकंड हँड है, थोडा तो रहेगा. भेज दो, गॅस भरवा देता हूँ." गॅस भरला. अकरा दिवसांनी परत कोमट. परत भरला. तिसऱ्या खेपेला डोक्यात प्रकाश पडला की हा माणूस गाडी दुरुस्त करत नाहीये, मला थोपवतोय. महिनाभर थोपवलं की गिऱ्हाईक कंटाळतं आणि बाहेरून काम करून घेतं, हे त्याला पक्कं माहीत. म्हणून आपण वागायचं असं, की आपल्याला थोपवणं त्याला दुरुस्तीपेक्षा महाग पडेल. आरडाओरड्याने ते होत नाही. तो रोज चार जणांचा आरडाओरडा ऐकतो.

आधी फाइल उघडा

बॉनेट नंतर. पहिल्यांदा हे बघा की गाडी तुम्हाला विकली कोणी.

हातात डीलरचं बिल आहे की नुसती डिलिव्हरी नोट? मुंबईत बरेच डीलर 'पार्क अँड सेल'वर चालतात. गाडी मूळ मालकाचीच असते, डीलर ती आपल्या जागेत उभी करतो आणि कमिशन घेतो. पैसे थेट मूळ मालकाच्या खात्यात जातात. मग भांडण झालं की डीलर म्हणतो, "मी तर मधला माणूस." जाहिरात त्याने टाकली, कमिशन त्याने घेतलं, 'इंजिन एक नंबर' असं तोच म्हणाला, त्यामुळे तो सुटत नाही. पण त्याच्या नावाचं बिल असलं की हा वादच उरत नाही. बिल मिळालं नसेल तर आजच मागा, आणि लेखी मागा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं ही स्वतंत्र अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. १ एप्रिल २०२३ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओचं अधिकारपत्र लागतं. ते फॉर्म २९ बी. मालकाने गाडी अशा डीलरच्या ताब्यात दिली की फॉर्म २९ सी भरून तसं कळवायचं असतं, आणि मग पुढे विकली जाईपर्यंत मालकाच्या जागी डीलर धरला जातो. दुकानात गणपतीच्या तसबिरीशेजारी ते अधिकारपत्र लावलंय का, सहज बघून घ्या. नसलं तर तिथे वाद घालू नका. पुढे नोटिशीत एक वाक्य वाढेल.

जाहिरातीचा स्क्रीनशॉट गाडी घ्यायच्या आधीच काढलेला बरा, कारण गाडी विकली गेली की जाहिरात उतरते. 'नॉन-ॲक्सिडेंटल', 'सिंगल ओनर', 'एसी चिल्ड' हे शब्द त्या जाहिरातीत असतात, आणि तेच पुढे कामाला येतात. व्हॉट्सॲपचं संभाषण एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करून ठेवा. तोंडी आश्वासन मिळालं असेल तर आता लेखी आणायचा साधा मार्ग: "शेठ, तुम्ही म्हणाला होतात की दुसरी चावी आठवड्यात देतो, कधी येऊ?" असा मेसेज टाका. तो "दो दिन में" म्हणाला, की झालं काम.

खोड दिसो न दिसो, आठ दिवसांत तपासणी

सकाळी इंजिन थंड असताना सुरू करा आणि मागे जाऊन सायलेन्सरकडे बघा. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंट उतरत असेल तर हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या वरच्या भागाखालच्या सीलचा) संशय घ्या. एसी लावून गाडी पंधरा मिनिटं जागेवर चालू ठेवा. टेस्ट ड्राइव्हमध्ये गाडी पळत असते, म्हणून मला सायनपर्यंत कळलंच नाही. काच खाली करून स्पीडब्रेकरवरून सावकाश घ्या. टक-टक आलं तर सस्पेन्शनचा लिंक रॉड किंवा लोअर आर्मचं रबरी बुश गेलंय (मुंबईच्या खड्ड्यांत ते शाबूत कोणाचं असतं म्हणा). चावी ऑन केली की चेक इंजिन आणि एअरबॅगचे दिवे लागायला हवेत; एअरबॅगचा काही क्षणांत आणि चेक इंजिनचा इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. दिवा विझत नसेल तर दोष आहे. दिवा लागतच नसेल तर मात्र कोणीतरी तो बंद करून ठेवलाय का, हे आधी बघायला हवं.

पाण्यात उभी राहिलेली गाडी ओळखायला सीटबेल्ट पूर्ण शेवटपर्यंत ओढा. वरचा पट्टा धुतलेला असतो, पण गुंडाळीत राहणाऱ्या शेवटच्या हातभर भागावर मातकट रेघ सापडते. स्टेपनी काढून तिच्या खळग्यात हात फिरवा, सीटच्या रुळांवर गंज बघा. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे ही नावं आपल्याला बातम्यांतून पाठ झाली आहेत. तिथे बुडालेल्या गाड्या कुठेतरी जातातच ना.

मग एक दिवस काढून त्या कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जा आणि पैसे भरून तपासणी करून घ्या. शिवाय जुन्या सर्व्हिसची नोंद मागा. आरसी दाखवली की ती मिळण्याची शक्यता बरीच असते. तीन वर्षांपूर्वीच्या सर्व्हिसला ६८ हजार किलोमीटर आणि आज मीटरवर ५४ हजार, तर मीटर मारलेला आहे. हे प्रकरण दुरुस्तीचं राहिलंच नाही. तिथे गाडी परत आणि पैसे परत, एवढंच मागायचं.

आता खोडींची वाटणी करा

इथे नवखे लोक चुकतात. सतरा खोडींची यादी घेऊन जातात, त्यात वायपरपासून गिअरबॉक्सपर्यंत सगळं. डीलर वायपर बदलतो, सीट कव्हर फुकट देतो आणि गिअरबॉक्सचं बोलणं हवेत विरतं.

टायर, ब्रेक पॅड, वायपर, बॅटरी ही झीज. ती तुम्ही घेताना बघायला हवी होती. १९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम १६ असं सांगतं की त्या प्रकारच्या मालाचा धंदा करणाऱ्याकडून घेतलेला माल विक्रीयोग्य दर्जाचा असला पाहिजे. पण तुम्ही माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत दिसायलाच हवे होते असे दोष तुम्हाला पुढे करता येत नाहीत. टायरची नक्षी गेलेली कोणालाही दिसते. एसीचा गॅस गार करणाऱ्या कंडेन्सरची गळती दिसत नाही. बिलावरच्या 'जशी आहे तशी' या शिक्क्यालाही मी असंच उत्तर देईन: दिसत होतं त्याबद्दल तुमचं खरं, पण जे लपवलंत त्याला हा शिक्का कसा चालेल?

म्हणून झीज स्वतःच्या खिशातून करा आणि विसरून जा. लपलेले दोष आणि डीलरने शब्द देऊन न पाळलेल्या गोष्टी, एवढंच हातात धरा. त्यातही दोन, फार तर तीन. माझ्या गाडीचं बुशसुद्धा गेलेलं होतं. तो विषय मी डीलरकडे काढलाच नाही, आमच्या भांडुपच्या गॅरेजवाल्याकडून करून घेतलं.

दोषाला नाव द्या, पण हात लावू नका

"एसी नीट चालत नाही" या तक्रारीवर गॅसच भरला जाणार. तिसऱ्या वेळी मी गाडी गॅरेजमध्ये नेली आणि सांगितलं, काही बदलू नका, फक्त शोधा. त्याने लाइनमध्ये नायट्रोजन भरला, पुढच्या जाळीतून टॉर्च मारला आणि कंडेन्सरवर साबणाचं पाणी शिंपडलं. मिनिटभर काही नाही. मग खालच्या डाव्या कोपऱ्यात बारीक बुडबुडे यायला लागले, कढईत तेल तापल्यावर येतात तसे. मी व्हिडिओ काढला. सुरुवातीला नंबर प्लेट, मग मीटरवरचे किलोमीटर, मग बुडबुडे, एका दमात. गॅरेजच्या लेटरहेडवर एस्टिमेट घेतलं: कंडेन्सर ६,५००, गॅस आणि मजुरी २,२००.

इंजिनच्या खोडीला हेच काम स्कॅनर करतो. स्क्रीनवरच्या बिघाडाच्या कोडचा फोटो घ्या आणि कोड पुसू देऊ नका. मेकॅनिकला सवयीने पुसायची घाई असते.

डीलरला कळवायच्या आधी पार्ट बदललात तर पुरावा भंगारात जातो आणि "तुम्ही बाहेर हात लावलात, आता आमची जबाबदारी नाही" हे वाक्य त्याला फुकट मिळतं. अपवाद ब्रेक आणि स्टिअरिंगचा. तिथे थांबू नका. गाडी जागेवर उभी करा, आणि बदलावंच लागलं तर जुना पार्ट पिशवीत घालून माळ्यावर ठेवा.

एक मेसेज, मुदतीच्या आत

ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम २(४७) मध्ये अशी तरतूद आहे: सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि बिलावर मुदत नसेल तर ३० दिवसांत परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं, ही अनुचित व्यापारी प्रथा. म्हणून पहिली लेखी तक्रार ३० दिवसांच्या आत गेलीच पाहिजे. दोनदा गॅस भरण्यात माझ्या डीलरने माझे तेवीस दिवस खाल्ले होते. मी जे पाठवलं ते असं:

"नमस्कार शेठ. ६ एप्रिलला तुमच्याकडून घेतलेल्या गाडीचा एसी सिग्नलला थांबल्यावर गार होत नाही. १२ आणि २३ एप्रिलला तुम्ही गॅस भरून दिलात. आज २९ तारखेला नायट्रोजनने तपासलं, कंडेन्सर लीक आहे. व्हिडिओ आणि एस्टिमेट सोबत जोडलंय. कंडेन्सर बदलून द्यावा ही विनंती. गाडी शुक्रवारी आणू की शनिवारी, ते उद्या संध्याकाळपर्यंत कळवा."

यात फसवणूक, पोलीस, कोर्ट हे शब्द नाहीत. त्याने आधी दोनदा केलेलं काम मात्र तारखेसह आहे, म्हणजे दोष त्याला माहीत होता हे त्याच्याच उत्तरातून नोंदलं जातं. शेवटचा प्रश्नही 'करणार का' असा नाही, 'कधी आणू' असा आहे. हाच मजकूर ई-मेलनेही पाठवा.

समोर बसून

उत्तर नाही आलं तर दुकानात जा. रविवारी जाऊ नका, असं मी सांगतो. रविवारी दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं असतं, तिथे तक्रार मांडली की परिणाम होईल असं वाटतं खरं, पण तेव्हा मालक तुम्हाला गोड बोलून पोऱ्याच्या हवाली करतो. मंगळवार-बुधवारची दुपार बरी. मालक रिकामा असतो आणि निर्णय त्याच्याच हातात असतो. सोबत एक शांत माणूस न्या. मेकॅनिक मित्र नको. दोन मेकॅनिक एकमेकांना भिडले की विषय गाडीवरून शिकवणीवर जातो. माझ्याबरोबर माझे मामा होते, बँकेतून निवृत्त झालेले. ते काहीच बोलले नाहीत, फक्त वहीत लिहीत बसले. त्या वहीकडे शेठचं माझ्यापेक्षा जास्त लक्ष होतं.

पहिला प्रस्ताव आला: "कुर्ल्याहून जुना कंडेन्सर आणून लावतो." कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर काढलेले पार्ट मिळतात, दरवाजा किंवा आरशासाठी मीही तिथेच जाईन. पण गळतीचा दोष जुन्या कंडेन्सरने भागवायचा म्हणजे पुन्हा नशिबावरच सोडणं. मी म्हटलं, पार्ट नवा, बिलासकट, लोकल ब्रँड चालेल. जिथे त्याला परवडेल अशी वाट मोकळी ठेवता येते तिथे ती ठेवावी. 'कंपनीचाच हवा' हा हट्ट धरला असता तर बोलणं तिथेच तुटलं असतं. शेवटी पार्ट त्याचा, गॅस आणि मजुरी माझी, असं ठरलं. कायद्याच्या हिशेबात मी थोडा हरलो. पण मे महिना तोंडावर होता.

गाडी त्याच्या मेकॅनिककडे सोडताना किलोमीटर, इंधनाचा काटा आणि चारही बाजूंचे फोटो घ्या. काय काम होणार आणि कधी मिळणार, हे जॉब कार्डवर, नाहीतर निदान मेसेजवर लिहून घ्या. काढलेला पार्ट परत मागा. सुरुवातीलाच मागितलात तर नवा पार्ट खरोखर बसतो.

'वॉरंटी आहे ना साहेब'

काही डीलर सहा महिन्यांची वा वर्षाची वॉरंटी देतात, पण ती अनेकदा तिसऱ्याच कंपनीची असते. कार्डाची मागची बाजू वाचा. पुष्कळदा ती इंजिन आणि गिअरबॉक्सच्या आतल्या भागांपुरतीच असते. क्लच, एसी, सस्पेन्शन बाहेर. आधी मंजुरी न घेता गाडी उघडली तर दावा फेटाळला जातो. बड्या साखळी कंपन्या काही दिवसांत गाडी परत घेण्याची सोय देतात. तिथे दिवसांबरोबर किलोमीटरचीही अट असते का ते बघा, नाहीतर कोकणात एक चक्कर मारून आलात की मुदत संपली. आणि विमा यात कुठेच येत नाही, तो अपघाताचा, बिघाडाचा नाही. तरी तो आपल्या नावावर करून घ्यायचा अर्ज १४ दिवसांत करायचा असतो, तेवढा विसरू नका.

गाडी नावावर होण्याचं काम आणि दुरुस्तीचं भांडण एकमेकांत मिसळू देऊ नका. "आधी एसीचं बोलणं मिटवा, मग आरसी" असं डीलर म्हणाला तर ते लगेच लेखी घ्या. शक्य असेल तर सौद्याच्या वेळीच दहा-पंधरा हजार आरसी हातात येईपर्यंत मागे ठेवावेत. मी ठेवले नव्हते. कर्जाचा हप्ता मात्र रागात थांबवू नका. बँकेचा आणि तुमच्या भांडणाचा संबंध नाही, आणि बिघडतो तो तुमचा सिबिल.

तरीही नाहीच झालं तर

१९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. मराठीत बोलता येतं, फोन फुकट. ते निकाल देत नाहीत, पण तक्रार विक्रेत्याकडे पोचवतात. मोठ्या कंपन्या त्याला उत्तर देतात, गल्लीतला डीलर बहुधा नाही. त्याच सुमारास मुंबई ग्राहक पंचायतीचा सल्ला घ्या. १९७५ पासून चालणारी ही संस्था आहे, विलेपार्ल्याला. जाताना फाइल तारखांप्रमाणे लावून न्या.

मग नोटीस. वकिलाचीच हवी असं नाही, स्वतः लिहिली तरी चालते. तारखा, दोष, जोडलेले कागद, नेमकी मागणी आणि १५ दिवसांची मुदत, एवढं एका पानात. स्पीड पोस्टाने पाठवा, पावती आणि पोचल्याची नोंद जपून ठेवा. पाकिटावर दुकानाच्या पाटीवरचं नाव नको, बिलावरचं नाव आणि पत्ता घाला. हे दोन वेगळे असू शकतात.

त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, डीलर कुठलाही असो. म्हणजे तुम्ही कांदिवलीचे आणि गाडी नवी मुंबईची असली तरी मुंबई उपनगर आयोगात चालतं. गाडीला दिलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, आणि ५ लाखांपर्यंत फी शून्य, ५ ते १० लाखांना २०० रुपये. ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल करता येते. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. वकील सक्तीचा नाही. व्हॉट्सॲपचे स्क्रीनशॉट जोडणार असाल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र सोबत द्या. गाडी टॅक्सीच्या धंद्यासाठी घेतली असेल तर 'ग्राहक' या व्याख्येतच अडचण येते. स्वतः चालवून पोट भरत असाल तर सूट आहे.

तपासणीची गरज नसेल तर तीन महिन्यांत आणि असेल तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात त्याहून बराच वेळ धरून चाला. साडेसहा हजारांच्या कंडेन्सरसाठी मी तिथवर गेलो नसतो. मीटर मारलेला असता किंवा पाण्यातली गाडी गळ्यात मारली असती, तर नक्की गेलो असतो.

काम झाल्यावर डीलर एक कागद पुढे सरकवतो, 'माझी कोणतीही तक्रार उरलेली नाही' असा. माझ्यासमोरही आला. तोवर गाडी नावावर झालेली नव्हती आणि दुसरी चावीही मिळालेली नव्हती. मामांनी खिशातलं पेन काढून दिलं. मी 'कोणतीही' खोडलं, 'एसी कंडेन्सरबाबत' लिहिलं, खाली 'आरसी व दुसरी चावी येणे बाकी' अशी ओळ घातली आणि सही केली. शेठने चष्मा वर करून दोनदा वाचलं, मामांकडे बघितलं आणि पोऱ्याला हाक मारली, "ए, तीन कटिंग बोल."